समोरच्या खुर्चीत कोण? मार्टिन मॅकगिनेस यांच्या वाटचालीतले थक्क करणारे किस्से

जुलै १९७२. ब्रिटिश मंत्री विल्यम व्हाइटलॉ यांनी बावीस वर्षांच्या एका तरुणाला हवाई दलाच्या विमानातून लंडनला चर्चेसाठी आणवलं. डिसेंबर १९८२. एव्हाना गृहमंत्री झालेल्या याच व्हाइटलॉंनी त्याच माणसाला ब्रिटनच्या मुख्य भूमीवर पाय ठेवायला बंदी घातली. एप्रिल २०१४. तोच माणूस पांढरा बो-टाय लावून विंडसर कॅसलमध्ये राणीच्या मेजवानीला बसला होता.

हा माणूस म्हणजे मार्टिन मॅकगिनेस. आयरिश रिपब्लिकन आर्मीचा, म्हणजे आयआरएचा, डेरी शहरातला कमांडर. पुढे आमदार, खासदार, शिक्षणमंत्री आणि उत्तर आयर्लंडच्या सरकारमधली बरोबरीची दुसरी व्यक्ती. त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट मला ही वाटते, की दर वळणावर त्यांच्या समोरच्या खुर्चीत असं कुणीतरी येऊन बसलं, ज्याच्याशी बोलणंच अशक्य मानलं जात होतं.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली आणि उत्तरेकडचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. तिथल्या बहुसंख्य प्रोटेस्टंटांना, म्हणजे युनियनिस्टांना, ब्रिटनबरोबर राहायचं होतं. अल्पसंख्य कॅथलिकांपैकी बहुतेकांना, म्हणजे राष्ट्रवाद्यांना, अखंड आयर्लंड हवं होतं. घरं, नोकऱ्या, मतदारसंघांची आखणी, सगळीकडे कॅथलिकांना डावललं जात होतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ठिणगी पडली आणि पुढच्या तीस वर्षांत साडेतीन हजारांहून जास्त माणसं मेली. त्यातली जवळपास निम्मी आयआरएच्या हातून. ही संख्या मनात ठेवूनच पुढचं वाचायला हवं.

नावात पोप

पूर्ण नाव जेम्स मार्टिन पॅचेली मॅकगिनेस. जन्म २३ मे १९५०. पॅचेली हे तेव्हाचे पोप बारावे पायस यांचं आडनाव. डेरीतल्या बॉगसाइड या गरीब कॅथलिक वस्तीतलं हे सात भावंडांचं घर इतकं श्रद्धाळू होतं. पोपला भर सभेत ख्रिस्तविरोधी म्हणून हिणवणाऱ्या एका पाद्र्याबरोबर या पॅचेलीला पुढे सरकार चालवायचं होतं. त्याची गोष्ट पुढे येतेच.

नापास मुलगा, शिक्षणमंत्री

उत्तर आयर्लंडमध्ये अकराव्या वर्षी मुलांची एक परीक्षा व्हायची, ‘इलेव्हन प्लस’. पास झालात तर ग्रामर स्कूल आणि पुढे कॉलेजची वाट. नापास झालात तर तांत्रिक शाळा आणि हाताला मिळेल ते काम. मार्टिन नापास झाला. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. एका गॅरेजमध्ये मेकॅनिकच्या कामासाठी गेला, तर कोणत्या शाळेत शिकलास एवढं विचारून त्याला परत पाठवलं. शाळेच्या नावावरून धर्म कळायचा. ही आठवण ते पुढे कायम सांगत. शेवटी खाटकाच्या दुकानात मदतनिसाची नोकरी मिळाली.

आता २ डिसेंबर १९९९. १९९८ च्या शांतता करारानंतर बेलफास्टच्या स्टॉरमॉन्ट इमारतीत नवं सरकार आलं. तिथे मुख्यमंत्री खाती वाटून देत नाही. निवडून आलेल्या जागांच्या प्रमाणात प्रत्येक पक्ष पाळीपाळीने आपल्याला हवं ते खातं उचलतो. मॅकगिनेस यांच्या, आयआरएशी जोडलेल्या शिन फेन पक्षाने उचललं शिक्षण. युनियनिस्टांना हा जबरदस्त धक्का होता. प्रोटेस्टंट मुलांच्या शाळाही आता आयआरएच्या माजी कमांडरच्या हाताखाली! काही शाळांतली मुलं निषेध म्हणून वर्गाबाहेर पडली.

मॅकगिनेस यांनी २००२ मध्ये जाहीर केलं, इलेव्हन प्लस बंद. सरकारने ती परीक्षा शेवटची घेतली २००८ साली. मात्र त्यांचा विजय अर्धाच राहिला. पुढच्याच वर्षीपासून ग्रामर शाळांनी स्वतःच्या खासगी प्रवेश परीक्षा सुरू केल्या आणि अकरा वर्षांच्या पोरांची धाकधूक काही संपली नाही.

बर्गर पोचवणारा मुलगा आणि गुप्त दूत

खाटकाकडे काम करताना मार्टिन शहरातल्या ‘फिश अँड चिप्स’च्या एका दुकानात बर्गर पोचवायला जायचा. तिथे काउंटरवरच्या मुलींशी गप्पा मारत रेंगाळायचा, राजकारणाचा विषयही नसायचा, असं त्या दुकानाचे मालक सांगत. मालकांचं नाव ब्रेंडन डडी. नाव लक्षात ठेवा. हेच डडी पुढे वीस वर्षं ब्रिटिश गुप्तहेर खातं आणि आयआरए यांच्यातला छुपा दुवा होते. इकडचा निरोप तिकडे नेणारा, शस्त्र हाती न धरलेला आणि दोन्हीकडून संशय झेलणारा हा माणूस.

१९९३ मध्ये या वाटेवरचा सर्वात गाजलेला निरोप लंडनला पोचला. संघर्ष संपला आहे, तो कसा थांबवायचा यासाठी तुमचा सल्ला हवा, असा त्याचा आशय. पंतप्रधान जॉन मेजर यांनी नोव्हेंबरात संसदेत सांगितलं होतं की शिन फेनच्या नेत्यांशी बोलायच्या कल्पनेनेच आपल्या पोटात ढवळतं. महिन्याभरात वर्तमानपत्रातून फुटलं की त्यांचंच सरकार छुप्या वाटेने बोलत होतं! सरकारने तो निरोप मॅकगिनेस यांच्या नावावर टाकला. असा निरोप आपण पाठवलाच नाही, असं मॅकगिनेस यांनी ठासून सांगितलं. त्यापुढच्या ऑगस्टमध्ये आयआरएने शस्त्रसंधी जाहीर केली.

चेल्सीतलं घर

पुन्हा १९७२. त्या वर्षीच्या ३० जानेवारीला डेरीत नागरी हक्कांच्या मोर्चावर ब्रिटिश पॅराट्रूपर्सनी गोळ्या झाडल्या. तेरा जण जागीच गेले, चौदावा नंतर. हा ‘ब्लडी संडे’. मार्टिन तेव्हा एकवीस वर्षांचा आणि डेरीतल्या आयआरएमध्ये क्रमांक दोनचा. ही गोष्ट त्यांनी जाहीरपणे मान्य केली २००१ साली, एकोणतीस वर्षांनी. लॉर्ड सॅव्हिल यांच्या चौकशी आयोगाने बारा वर्षं आणि १९ कोटी पौंडांहून जास्त रक्कम खर्चून २०१० मध्ये अहवाल दिला. मारले गेलेले निर्दोष होते, हे त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मॅकगिनेसबद्दल म्हटलं होतं की त्याच्याकडे त्या दिवशी बहुधा थॉम्प्सन सबमशीन गन होती, पण सैनिकांनी गोळीबार करावा असं त्याने काही केलं नव्हतं. मॅकगिनेस यांनी बंदुकीची गोष्ट नाकारली.

जूनअखेर आयआरएने शस्त्रसंधी केली आणि ७ जुलैला सहा जणांचं शिष्टमंडळ लंडनला गेलं. त्यातले, पुढे शिन फेनचे प्रमुख झालेले जेरी अ‍ॅडम्स तर थेट स्थानबद्धतेतून सोडून आणलेले. बैठक झाली चेल्सी भागात, पॉल चॅनन या मंत्र्याच्या घरी. चॅनन आईकडून गिनेस बिअरवाल्या घराण्यातले, म्हणजे गिनेसांच्या घरी मॅकगिनेस! बैठक फसली. आयआरएने १ जानेवारी १९७५ पर्यंत ब्रिटिशांनी निघून जावं अशी मागणी ठेवली होती, ती मान्य होणं शक्यच नव्हतं. दोन दिवसांत शस्त्रसंधी मोडली. २१ जुलैला बेलफास्टमध्ये आयआरएने तासाभराच्या आसपास वीसेक बॉम्ब उडवले आणि नऊ माणसं मारली.

त्या वर्षाच्या शेवटी मार्टिन सीमेपलीकडे डोनेगलमध्ये पकडला गेला. शेजारी एक मोटार, तिच्यात ११३ किलो स्फोटकं आणि जवळपास पाच हजार काडतुसं. डब्लिनच्या विशेष न्यायालयात त्याने न्यायालयाचा अधिकारच मानायला नकार दिला आणि आपण आयआरएच्या डेरी ब्रिगेडचे आहोत, याचा आपल्याला अभिमान आहे, असं सांगितलं. शिक्षा झाली सहा महिने.

१९७४ मध्ये आपण आयआरए सोडली, असं मॅकगिनेस अखेरपर्यंत म्हणत राहिले. त्यावर विश्वास ठेवणारे फार थोडे. मलाही ते पटत नाही. ऑक्टोबर १९९० मध्ये डेरीतल्या आयआरएने लष्करी छावणीत स्वयंपाकी असलेल्या एका माणसाच्या कुटुंबाला ओलीस धरलं आणि त्याला बॉम्बने भरलेली गाडी लष्करी नाक्यावर न्यायला लावली. तो आणि पाच सैनिक ठार झाले. डेरीत आयआरए तेव्हा कुणाच्या शब्दावर चालत होती, हा प्रश्न मॅकगिनेस यांना शेवटपर्यंत विचारला गेला. समाधान होईल असं उत्तर त्या स्वयंपाक्याच्या घराला मिळालं नाही.

तोंड त्यांचं, आवाज दुसऱ्याचा

ऑक्टोबर १९८८ ते सप्टेंबर १९९४ या काळात शिन फेनच्या नेत्यांचा आवाज रेडिओ-टीव्हीवर ऐकवायला ब्रिटनमध्ये बंदी होती. चेहरा दाखवायला मात्र नव्हती! मग वाहिन्यांनी नट बोलावले. पडद्यावर अ‍ॅडम्स किंवा मॅकगिनेस ओठ हलवताहेत आणि त्यांची वाक्यं एखादा नट म्हणतोय. त्याआधी १९८५ मध्ये तर मॅकगिनेस आणि त्यांचे डेरीतले कट्टर युनियनिस्ट विरोधक ग्रेगरी कॅम्पबेल यांच्या रोजच्या जगण्यावरचा माहितीपट सरकारच्या दबावाखाली बीबीसीने ऐनवेळी रोखला. निषेध म्हणून पत्रकारांनी एक दिवसाचा संप केला. थोड्या फेरफारानंतर दोन महिन्यांनी तो माहितीपट दाखवला गेला.

पंधरा वर्षं खासदार, एकदाही सभागृहात नाहीत

१ मे १९९७ रोजी मॅकगिनेस मिड अल्स्टर मतदारसंघातून ब्रिटिश संसदेवर निवडून आले. त्याआधी फॉइलमधून तीनदा नेमस्त राष्ट्रवादी नेते जॉन ह्यूम यांच्याकडून हरले होते. नंतर २००१, २००५ आणि २०१० मध्येही जिंकले. पण सभागृहात बसायचं तर राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागते आणि शिन फेनवाले ती घेत नाहीत. ही परंपरा १९१८ पासूनची. ब्रिटिश संसदेवर निवडून आलेली पहिली स्त्री, कॉन्स्टन्स मार्किएविच, तुरुंगात असताना जिंकली आणि शिन फेनचीच असल्यामुळे तिथे कधीच बसली नाही.

शपथ नाही तर ऑफिस नाही, असं सभापती बेटी बूथ्रॉइड यांनी सांगितल्यावर मॅकगिनेस थेट युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले. १९९९ मध्ये अर्ज फेटाळला गेला. २००२ पासून मात्र ऑफिस आणि भत्ते मिळाले. पगार पक्षाने कधी घेतलाच नाही.

सगळ्यात मजेशीर प्रकार राजीनाम्याचा. ब्रिटिश खासदाराला राजीनामा देता येत नाही! शतकानुशतकांच्या नियमाप्रमाणे त्याची नेमणूक राजघराण्याच्या एका नाममात्र जहागिरीच्या कारभारीपदावर करतात, लाभाचं पद म्हणून तो अपात्र ठरतो आणि जागा रिकामी होते. राणीची शपथ घ्यायला नको म्हणून आयुष्यभर बाहेर राहिलेल्या मॅकगिनेस यांची जानेवारी २०१३ मध्ये अशीच कागदोपत्री राणीच्या नोकरीत नेमणूक झाली.

सोफ्यावरचे दोघे

आता तो पाद्री. इयान पेझली. स्वतःचं चर्च आणि स्वतःचा पक्ष, डीयूपी, दोन्ही काढलेला धिप्पाड, गडगडाटी आवाजाचा माणूस. १९८८ मध्ये युरोपीय संसदेत पोप जॉन पॉल दुसरे बोलत असताना उठून ‘ख्रिस्तविरोधी’ म्हणून ओरडणारे हेच. शिन फेनबरोबर बसणार नाही, हे त्यांनी अर्धं आयुष्य घसा फोडून सांगितलेलं.

१९९८ च्या गुड फ्रायडे कराराने मात्र एक कडक अट घातली होती. सरकार चालवायचं तर दोन्ही बाजूंनी मिळूनच. फर्स्ट मिनिस्टर एका बाजूचा, डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर दुसऱ्या बाजूचा. नावात ‘डेप्युटी’ असलं तरी अधिकार अगदी सारखे. एकाने राजीनामा दिला की दुसराही पदावरून जातो. २००५ मध्ये आयआरएने मोहीम संपवून शस्त्रं नष्ट केली आणि ८ मे २००७ रोजी पेझली फर्स्ट मिनिस्टर झाले, मॅकगिनेस डेप्युटी. मॅकगिनेस सांगत, त्या मार्चपर्यंत आम्ही हवापाण्याबद्दलसुद्धा एकमेकांशी बोललो नव्हतो.

पुढे जे झालं ते कुणाच्याच कल्पनेत नव्हतं. दोघांची गट्टी जमली. जिथे जातील तिथे हसतायत. लोकांनी नाव ठेवलं ‘चकल ब्रदर्स’, म्हणजे खिदळणारे भाऊ. डिसेंबर २००७ मध्ये बेलफास्टजवळ आयकियाचं पहिलं दुकान उघडलं तेव्हा दोघे तिथल्या एका सोफ्यावर शेजारी शेजारी बसून खळखळून हसत होते. तो फोटो खूप फिरला. ते हसू पेझलींना महागही पडलं, त्यांच्याच माणसांना ते सहन झालं नाही आणि वर्षभरात त्यांनी पद सोडलं. पण मैत्री टिकली. २०१४ मध्ये पेझली गेले तेव्हा मॅकगिनेस यांनी आपला मित्र गेल्याचं सांगितलं. या जोडीवर ‘द जर्नी’ नावाचा चित्रपटही निघाला. त्यात कॉल्म मीनी मॅकगिनेस झाले आणि टिमोथी स्पॉल पेझली. त्यातला मोटारीचा प्रवास काल्पनिक आहे, खरी गोष्ट त्याहून अचाट आहे.

मार्च २००९ मध्ये करार न मानणाऱ्या बंडखोर रिपब्लिकनांनी अठ्ठेचाळीस तासांत दोन सैनिक आणि एक पोलीस मारले. मॅकगिनेस पोलीसप्रमुखांच्या शेजारी उभे राहिले आणि मारेकऱ्यांना आयर्लंडचे गद्दार म्हणाले. एके काळी त्यांचीच संघटना पोलिसांना मारत होती. त्यांच्या सगळ्या भाषणांत मला हे सर्वांत धाडसी वाटतं. त्यानंतर त्यांच्याच जिवाला धोका होता.

वाटाघाटींचा हा अनुभव त्यांनी इतरांनाही द्यायचा प्रयत्न केला. २००६ मध्ये ते श्रीलंकेत जाऊन तमिळ वाघांच्या नेत्यांना भेटले. २००७-०८ मध्ये फिनलंडमध्ये इराकच्या शिया आणि सुन्नी गटांच्या बैठकांत बसले. श्रीलंकेत उपयोग झाला नाही, ते आपण शेजारून पाहिलंच.

स्वतःलाच मत देता येईना

२०११ मध्ये मॅकगिनेस आयर्लंडच्या राष्ट्रपतिपदाला उभे राहिले. अर्जासाठी वीस खासदारांच्या सह्या लागतात, शिन फेनकडे होते सतरा. तीन अपक्षांनी हात दिला. आणि उमेदवार डेरीत राहणारा, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत, त्यामुळे त्याला स्वतःलाच मतदान करता येत नव्हतं!

प्रचारात अ‍ॅथलोनच्या एका बाजारपेठेत एक तरुण वडिलांचा फोटो घेऊन त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. वडील आयरिश सैन्यातले शिपाई, १९८३ मध्ये आयआरएने ओलीस धरलेल्या एका उद्योजकाला सोडवताना मारले गेले होते. माझ्या वडिलांना कुणी मारलं ते सांगा, असं तो म्हणाला. मॅकगिनेस यांनी ठाऊक नसल्याचं सांगितलं. ही समोरची खुर्ची रिकामीच राहिली, असं मला वाटतं.

निकाल त्यांनी फिरवला, पण दुसऱ्यांसाठी. मतदानाच्या तीन दिवस आधी टीव्हीवरच्या वादात आघाडीवरच्या शॉन गॅलाहर यांच्यावर त्यांनी पक्षनिधीसाठी ५,००० युरोचा चेक घेतल्याचा आरोप केला. त्याच कार्यक्रमात मॅकगिनेस यांच्या प्रचाराच्या नावावर खपवलेलं एक खोटं ट्वीटही वाचलं गेलं, ज्याची भरपाई वाहिनीला पुढे द्यावी लागली. गॅलाहर गडगडले, कवी मायकल डी. हिगिन्स जिंकले. मॅकगिनेस १३.७ टक्के मतं घेऊन तिसरे.

राणीचा हात

२७ ऑगस्ट १९७९ रोजी आयआरएने स्लायगोच्या किनाऱ्यावर एक मासेमारीची बोट बॉम्बने उडवली. त्यात लॉर्ड माउंटबॅटन मारले गेले, भारताचे शेवटचे व्हाइसरॉय आणि राणीचे पती फिलिप यांचे मामा. भारताने सात दिवसांचा दुखवटा पाळला होता. त्याच बोटीवरची दोन किशोरवयीन मुलंही मेली.

तेहतीस वर्षांनी, २७ जून २०१२ रोजी, बेलफास्टच्या लिरिक थिएटरमध्ये राणी एलिझाबेथ हिरवा पोशाख घालून आल्या. मॅकगिनेस यांच्याशी हस्तांदोलन दोनदा झालं, आधी बंद दाराआड, मग कॅमेऱ्यांसमोर. निरोप घेताना मॅकगिनेस आयरिश भाषेत आशीर्वादाचे शब्द बोलले. जून २०१६ मध्ये पुन्हा भेट झाली तेव्हा त्यांनी तब्येत विचारली, तर राणी म्हणाल्या, निदान अजून जिवंत तरी आहे!

आणि हो, या माणसाचे छंद म्हणजे नदीकाठी गळ टाकून मासे धरणं आणि कविता करणं. डेरीच्या गेलिक फुटबॉलचे तर ते वेडे. थोरला भाऊ टॉम त्या खेळातला नावाजलेला खेळाडू. क्रिकेटमध्येही त्यांना रस होता.

राख आणि राजीनामा

मॅकगिनेस यांचं शेवटचं सरकार पडलं ते बॉयलरमध्ये जाळायच्या लाकडाच्या गोळ्यांवरून. पर्यावरणपूरक बॉयलरसाठीच्या अनुदान योजनेत खर्चापेक्षा अनुदान जास्त होतं. १ पौंडाच्या इंधनामागे सुमारे १ पौंड ६० पेन्स. जितकं जाळाल तितकं कमवाल. वीस वर्षांत ४९ कोटी पौंडांचा भुर्दंड पडेल असा अंदाज निघाला. योजना सुरू झाली तेव्हा खातं होतं डीयूपीच्या आर्लीन फॉस्टर यांच्याकडे, आणि आता त्याच फर्स्ट मिनिस्टर होत्या. त्या बाजूला व्हायला तयार नव्हत्या. ९ जानेवारी २०१७ रोजी मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला आणि नियमाप्रमाणे फॉस्टर यांचंही पद गेलं. अमायलॉइडोसिस या दुर्मीळ आजाराने ते तेव्हाच खंगलेले दिसत होते. २१ मार्चला डेरीत त्यांचं निधन झालं, वय ६६. स्टॉरमॉन्ट पुढची तीन वर्षं बंद राहिलं.

अंत्यविधीला बिल क्लिंटन आले, भाषणही केलं. पण सगळ्यांचं लक्ष होतं फॉस्टर यांच्याकडे. त्यांचे वडील पोलीस. फॉस्टर लहान असताना आयआरएने घरी येऊन वडिलांवर गोळ्या झाडल्या होत्या, ते वाचले. शाळेत जाताना फॉस्टर यांची बसही आयआरएने बॉम्बने उडवली होती. त्या चर्चमध्ये शिरल्या आणि कॅथलिक डेरीने टाळ्या वाजवल्या.

३ फेब्रुवारी २०२४ रोजी मॅकगिनेस यांच्या वारसदार मिशेल ओ’नील फर्स्ट मिनिस्टर झाल्या, त्या पदावर बसलेल्या पहिल्या राष्ट्रवादी. त्यांचे वडील आयआरएचे म्हणून तुरुंगात राहिलेले होते. बरोबरीच्या डेप्युटी पदावर आल्या डीयूपीच्या एमा लिटल-पेंगेली. त्यांच्या वडिलांना १९८९ मध्ये पॅरिसमध्ये युनियनिस्टांच्या बाजूच्या शस्त्रसौद्याच्या प्रकरणात अटक झाली होती.